खिडकीची खोली

साल १९९६, मी बावन्न वर्षांचा. होडीला लावायच्या डांबराचा वास आला की अजून ते आठवतं. बायकोचं दुखणं हाताबाहेर गेलं होतं. जन्मभर तिनं आमच्या दिवाळे गावच्या बाजारात मासळी विकली, पण दर्यात कधी गेली नाही. मासेमारीच्या होडीत बाईनं पाय ठेवायचा नाही, हा आमच्या गावचा रिवाज. म्हणून तिला बेलापूरच्या सहलवाल्याकडे नेलं, गोव्याच्या जहाजातली खोली ठरवायला. मी म्हणालो, "खालची, मधली द्या. तिथं हलत नाय." ती भडकली, "मना खिरकी पायजे. कालोखान बसाला घर काय कमी हाय?" खिडकीची ठरली. जहाज कधी, विचारलं. "पावसाळा संपला की, काका." पैसे न भरताच आम्ही उठलो. ती पावसाळा काढणार नाही, असं डॉक्टरनं तिच्यासमोरच सांगितलं होतं. जिना उतरताना ती म्हणाली, "खोली बेस व्हती." दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला उचलून धक्क्यावर आणलं. लोक ओरडले, "बाईला होडीन? मासली मिलाची नाय तुला!" मी म्हणालो, "नको मिलू दे," आणि जिथून सगळा दर्या दिसतो त्या पुढच्या टोकाला तिला बसवून होडी सोडली.