तारमास्तरांचं सॉफ्टवेअर ठरतं

तारमास्तरांना ऑफिसात खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. त्या उंच इमारतीत भिंतींतून, छतातून, जिन्याखालून जेवढ्या म्हणून नेटवर्कच्या केबल गेल्या होत्या, त्या बहुतेक त्यांच्याच हातून ओढल्या गेलेल्या. इंटरनेट बंद पडलं की जो तो ओरडायचा, "मास्तरांना बोलवा, केबल गेली!" की मास्तर शिडी खांद्यावर टाकून निघायचे. गुडघे कुरकुरायचे, मास्तरही कुरकुरायचे, पण जायचे. गंमत म्हणजे बहुतेक वेळा खरंच केबलच गेलेली असायची.

अशा माणसाच्या मागे या वयात परीक्षा लागली. नव्या मॅनेजर बाई आल्या. वयाने मास्तरांच्या धाकट्या बहिणीएवढ्या, बोलायला गोड आणि कामाला चोख. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं की ज्याच्याकडे नेटवर्किंगचं सर्टिफिकेट असेल तोच यापुढे नेटवर्क रूममध्ये बसेल. बाकीच्यांनी केबलच्या ठेकेदाराच्या हाताखाली जायचं. म्हणजे दिवसभर शिडी, दिवसभर छत, आणि तेही दुसऱ्याच्या हुकमाने. शिडी चढणं आता झेपत नाही, हे त्यांनी घर सोडून कुठेच बोलून दाखवलं नव्हतं.

बरं, ही परीक्षा नुसत्या पाठांतराची नाही. यंत्रांना आज्ञा देऊन नेटवर्क उभं करून दाखवावं लागतं. सरावाला खरी यंत्रं कोण देणार? म्हणून लोक लॅपटॉपवर लुटुपुटूचं नेटवर्क उभं करतात, त्यासाठी सॉफ्टवेअर मिळतात. मास्तरांचं घोडं अडलं ते इथेच. घ्यायचं कोणतं?

एक होतं फुकट आणि सोपं. रंगीत चित्रं, यंत्रं उचलून हवी तिथे ठेवा, मध्ये केबल जोडा, सगळं ठीक असलं की केबलच्या टोकांना हिरवे ठिपके लागतात. मास्तरांनी ते उघडलं, नाक मुरडलं आणि म्हणाले, "हे तर पोरांचं खेळणं!" दुसरं अस्सल. पण त्याला खऱ्या यंत्राच्या आतला प्रोग्राम आपणच कुठून तरी पैदा करून द्यावा लागतो, आणि तो दिला की मास्तरांच्या जुन्या लॅपटॉपचा पंखा असा काही घोंघावायचा की शेजारीण विचारायची, मिक्सर बिघडलाय का. तिसरं इंटरनेटवरच चालायचं. ते उत्तमच; पण सगळ्या इमारतीला नेटवर्क पुरवणाऱ्या या गृहस्थाच्या स्वतःच्या घरी नेटवर्क म्हणजे आनंदीआनंद! खिडकीत उभं राहिलं तर लागायचं.

मग काय, रोज संध्याकाळी ऑफिसातून आलं की हातपाय धुवायचे आणि व्हिडिओ लावायचा: हे चांगलं की ते चांगलं. एक म्हणायचा हे घ्या, दुसरा म्हणायचा चुकूनही घेऊ नका. आज हे टाकलं, उद्या ते काढलं. परीक्षेचं पुस्तक कपाटावर होतं तसंच पडून. मास्तर आधीच दिवसभराचे दमलेले, त्यात हे. डोळे चुरचुरायचे, मान धरायची, आणि झोपताना वाटायचं की आज पुष्कळ अभ्यास झाला.

त्यांची बायको घरी शिवणकाम करायची. एकदा मास्तर जेवायला बसलेले असताना मशिनवरून मान वर न करता ती म्हणाली, "अहो, चष्म्याची फ्रेम घेताना तुम्ही त्या दुकानदाराला रडवलं होतंत, तेव्हा मला वाटलं, याच्यापुढे काही नाही."

"फ्रेम नाही ही. नोकरीचा प्रश्न आहे."

"तेच तर म्हणतेय मी." तिने मशिन थांबवलं. "तुम्हाला सॉफ्टवेअर निवडायचंच नाहीये. निवडलं की परीक्षेला बसावं लागेल, आणि बसलं की नापास व्हाल, ही भीती आहे तुम्हाला. मला का कळत नाही?"

मास्तर चिडले, ताटावरून उठून गेले. राग खरा होता, कारण बायको बोलली ते खरं होतं. त्या रागातच त्यांनी दुसरं आणि तिसरं सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि ते खेळणं तेवढं ठेवलं.

पुस्तक म्हणत होतं, पहिल्या धड्यात दोन कॉम्प्युटर घ्या आणि मध्ये एक केबल जोडा. मास्तर म्हणाले, छट्, हे काय शिकायचं! त्यांनी सरळ आपली इमारत काढायला घेतली. प्रत्येक मजल्यावर लोखंडी कपाट, कपाटात स्विच, म्हणजे त्या मजल्याच्या सगळ्या केबल जिथे येऊन मिळतात तो डबा. प्रत्येक डब्याला नावही खऱ्यासारखंच दिलं, अक्षरन् अक्षर तेच. कुठल्याही अनोळखी नावाने काम करायचं म्हटलं की त्यांचं डोकंच चालेना. आणि काय सांगू, माणूस रंगला! ठिपके हिरवे झाले की शिट्टी वाजवायचा. बायको म्हणायची, "आज स्वारी खुशीत दिसतेय." एकच गोष्ट त्यांना खटकायची. त्या खेळण्यात केबल कधी सैलच व्हायची नाही.

खुशीच्या भरात मास्तर तो लॅपटॉप ऑफिसात नेऊ लागले. जेवणाच्या सुट्टीत डबा एका बाजूला, लॅपटॉप एका बाजूला. तक्रार आली की बघता यावं म्हणून खऱ्या स्विचला आज्ञा टाइप करायची काळी खिडकी त्याच्यावर उघडी असायची. शेजारी खेळण्यातल्या स्विचची काळी खिडकी. दोन्हींवर तेच नाव, तीच अक्षरं. आता यात काय होणार, ते तुम्हाला दिसतंय. मास्तरांना दिसलं नाही.

त्या दिवशी त्यांना बघायचं होतं की तिसऱ्या मजल्याची मुख्य जोडणी बंद केली तर काय होतं. त्यांनी घास तोंडात ठेवला, आज्ञा टाइप केली आणि हिरवा ठिपका लाल व्हायची वाट बघत बसले. ठिपका होईना लाल. काळी खिडकीही गोठल्यासारखी गप्प. "भिकार सॉफ्टवेअर!" मास्तर करवादले. "तरी म्हणत होतो, पोरांचं खेळणं हे."

तेवढ्यात मोबाइल वाजला. तिसऱ्या मजल्यावर नेटवर्कवरच चालणाऱ्या फोनांवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारा विभाग बसतो, तिथला सुपरवायझर किंचाळत होता, "मास्तर, सगळे फोन एका झटक्यात मेले!" मास्तरांनी हिरव्या ठिपक्याकडे पाहिलं, मग त्या गोठलेल्या खिडकीकडे पाहिलं. ती खिडकी खऱ्या स्विचची होती.

बंद केलेल्या जोडणीवरूनच तर ते त्या स्विचपर्यंत पोचले होते. आता बसल्या जागेवरून काही होणार नव्हतं. लॅपटॉप काखेत मारून, स्विचला थेट जोडायची चपटी निळी केबल खिशात कोंबून मास्तर जिने चढले. लिफ्टची वाट बघायचा धीर कुणाला होता? वर जाऊन पाहतात तो माणसं कानाला हेडफोन लावून नुसती बसलेली. त्यांनी कपाट उघडलं, केबल खुपसली, उलटी आज्ञा दिली. सगळा मजला पुन्हा एकदम बोलायला लागला.

मॅनेजर बाई धापा टाकत आल्या. "काय झालं होतं, मास्तर?"

"केबल," मास्तर म्हणाले. "सैल झाली होती."

इतक्या वर्षांची सवय. तोंडातून निघूनच गेलं. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. "वाटलंच मला. केबलच्या कामात तुमचा हात धरणारा कुणी नाही. खरं सांगू? परीक्षेचा त्रास तुम्ही नका करून घेऊ. ठेकेदाराशी मी बोलते, केबलची सगळी माणसं तुमच्या हाताखाली द्यायला सांगते." त्यांनी हे अगदी मायेने सांगितलं, आणि गेल्या.

मास्तर जिन्यात बसले. वाचलो म्हणावं, तर वाचलं काय? मुकादम झालं तरी शिडी होतीच. गप्प राहिलं तर उद्यापासून ते केबलचे, आणि केबलचेच. माणसं बाजूने चढत-उतरत होती, कुणी म्हणालं, "काय मास्तर, दमलात?" ते नुसतेच हसले. मग कठड्याला धरून उठले आणि बाईंच्या केबिनमध्ये गेले.

"मॅडम, केबल धड होती. मीच जोडणी बंद केली. सराव करत होतो, चुकीच्या खिडकीत आज्ञा दिली."

बाईंचा चेहरा उतरला. "मग मघाशी खोटं का बोललात?"

"सवय, मॅडम."

बाई रागावल्या, चांगल्याच रागावल्या, आणि मास्तरांनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, "खऱ्या स्विचचे तुमचे पासवर्ड मी आजच काढून घेते. परीक्षेला बसा. पास झालात की परत देईन. नाही झालात, तर मला विचारायला येऊ नका."

घरी आले तेव्हा बायको कुणाच्या तरी पडद्यांना दुमड घालत होती. मास्तरांनी सगळं सांगितलं. हिरव्या ठिपक्यापाशी तिला आधी हसू फुटलं, मग ती हसायची थांबली.

"मग आता?"

"आता खरं काही हातात राहिलं नाही. हे खेळणंच काय ते."

"म्हणजे ठरलं म्हणायचं एकदाचं."

"ठरलं बाई."

त्यांनी लॅपटॉप उघडला. सगळी इमारत मजल्यामजल्याने पुसून टाकली. जिवावर आलं, पण पुसली. कपाटावरचं पुस्तक काढून धूळ झटकली आणि पहिला धडा समोर धरला. दोन कॉम्प्युटर, मध्ये एक केबल. ही केबल काही सैल होणार नव्हती. आता चुकलं, तर मास्तरच चुकणार होते.