चुलीवर टांगलेला पिंजरा

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी पुण्यात एका बाईंच्या घरी, जिन्याखालच्या खोलीत राहायला आलो. खोलीच्या बदल्यात बाजारहाट करायचा आणि त्यांच्या पोपटाचा पिंजरा रोज साफ करायचा. पोपट म्हणजे मुठीएवढा, हिरवापिवळा परदेशी पक्षी. बाई त्याला लव्हबर्ड म्हणत.

नाताळच्या सुट्टीत त्या लग्नाला परगावी निघाल्या आणि पिंजरा माझ्या हाती दिला.

"जिवापाड जप हं. तू शिकलेला आहेस म्हणून देते."

त्या खोलीवाचून पुण्यात मला थारा नव्हता. ती गेली असती तर कॉलेजही गेलं असतं.

नसरापुरापर्यंत मोटारीनं आणि पुढं मार्गासनीच्या वाटेनं पायी, पंच्यानं झाकलेला पिंजरा सांभाळत मी घरी पोचलो. आईनं वाकून पाहिलं.

"एवढंसंच व्हय? मिरची खातंय का?"

"हा आपला राघू नव्हे. नुसतं धान्य खातो."

"मंग बोलतंय तरी काय?"

"काही नाही."

"न्हाई बोलत, तर पुण्याची मान्सं पोसत्यात कशाला?" ती हसली. पण त्याचं पाणी रोज तीच बदलायची.

तिसऱ्या दिवशी गारठा वाढला. पक्षी पिसं फुगवून गप्प बसला. मी घाबरलो. कीड लागू नये म्हणून आमच्याकडे बियाण्याची कणसं चुलीच्या वर, धुरात टांगतात. त्यांतली थोडी काढून मी पिंजरा तिथं अडकवला.

आई म्हणाली, "आरं, कोकरूसुदिक आमी चुलीच्या कडंला ठेवतो, वर न्हाई. धुरानं कोंडंल ते."

"तुला काय कळतंय? या पक्ष्यांना ऊब लागते. मी पुस्तकात वाचलंय."

मी वाचलं नव्हतं. कदाचित वाचलं असावं, असं तेव्हा मला वाटलंही असेल. आईनं चुलीतलं एक ओलं लाकूड ओढून बाजूला ठेवलं.

सकाळी पक्षी पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडला होता.

पुण्याला जाताना खरं सांगायचं ठरवलं होतं. दारात बाईंनी रिकामा पिंजरा पाहिला आणि माझ्या तोंडून निघालं, "आईनं चुलीवर टांगला. तिला काय कळणार?"

बाई रडल्या. मग म्हणाल्या, "जाऊ दे, तुझा काय दोष? अडाणी माणसं ती."

मी मान डोलावली. खोली राहिली.

शिमग्याला घरी गेलो तेव्हा आईनं हळूच विचारलं, "बाई लई बोलल्या का रं तुला?"

"नाही."

"चूक आपलीच. आपल्या घरात मेलं पाखरू. म्या येऊन पाया पडू का त्यांच्या?"

"नको," मी म्हणालो. पुढं तीन वर्षं मी त्या खोलीत राहिलो. पुणं बघायला येते, असं आई दर सुट्टीत म्हणायची. मी तिला एकदाही नेलं नाही.