माशीखालची दोन लेबलं

दाणी सर माणसाचं तोंड पाहत नव्हते, डोकं पाहत. कॉलेजात चपराशी लागलो त्या पहिल्याच दिवशी त्याईनं मले खिडकीजवळ उभं केलं, बाजूनं पाहिलं, मागून पाहिलं आन् म्हणाले, "डोकं लहान, डोळे मोठे, पाठीला कुबड. हा माझ्या कामाचा." मले वाटलं तारीफ होऊन राहिली. घरी येऊन बायकोले सांगितलं, साहेब खूश आहे. दोन महिन्यांनी त्याईनं भिंगाखाली एक माशी दाखवली. टाचणीवर सुकलेली, ज्वारीच्या दाण्याएवढी. पाठ उंटासारखी फुगलेली, आन् डोकं म्हणजे मोहरी. त्या मोहरीत नुसते डोळेच डोळे. "ओळखलंस?" सर म्हणाले. "तुझं खानदान."

सगळ्या पोट्ट्या-पोट्ट्यांसमोर म्हणाले. सगळे हसले. सगळ्यात जोरात मी हसलो, काहून की मले समजलंच नव्हतं.

हे मी तोंडानं सांगून राहिलो आन् माही पोट्टी मोबाइलवर लिहून राहिली. मी शाळेच्या फाटकातूनच वापस आलेला माणूस. सही येते, पण ती बी रोज वेगळी.

सरचं घर बूढापारा मोहल्ल्यात, तलावाच्या बाजूले. रिटायर झाल्यावर बी मले सोडलं नाही. ड्यूटी संपली की मी त्यांच्या वरच्या खोलीत. भिंतभर लाकडी पेट्या, पेट्यांत माशा, आन् डांबरगोळ्यांचा वास. सरची बायको, आमच्या काकू, म्हणत, "आमच्या घरी पाहुणा येतो तो नाक धरून, आणि ह्यांचं बोलणं ऐकून जातो तो कान धरून."

त्या लहान डोक्याच्या माशीचा धंदा मोठा हरामी. ती झाडाले हजारो अंडी चिकटवते. अळी डोळ्याले दिसत नाही एवढी. ती कोळ्याच्या पायावरून चढते, आत घुसते आन् जिथं तो श्वास घेते तिथंच गुपचूप पडून राहते. कोळी जाळं विणते, शिकार करते, त्याले पत्ताच नाही. मंग एक दिवस ती खायला लागते. म्हणून सरले जिते कोळी लागत. बरण्यांत ठेवायचे, पाळायचे आन् वाट पाहायची. एकदा मी डबा खाऊन राहिलो होतो, तर मले हाक मारली. बरणीत कोळ्याचं नुसतं कातडं, बाजूले लठ्ठ पांढरी अळी. माहा घास तोंडातच राहिला. सर म्हणाले, "जेव, जेव. तीसुद्धा आताच जेवली."

माशीच्या जाती लावणाऱ्या जुन्या साहेबांवर त्यांचा भारी राग. "दोनशे वर्षं हे लोक विलायतेत बसून हिची जात ठरवतात. एकानं पंखाच्या शिरा मोजल्या, दुसऱ्यानं मिशा कुठं उगवल्या ते पाहिलं. एकानं तर नर एका जातीत टाकला आणि मादी दुसरीत. कोर्टात न जाता घटस्फोट! जिवंत माशी कोणी पाहिलीच नाही." तरी बी कोणत्या साहेबानं कोणती माशी लिहिली हे त्याईले आपल्या सख्ख्या भावांच्या नावांपेक्षा जास्त पाठ.

आन् सगळ्यात मोठी गोष्ट लेबल. टाचणीवर माशी, माशीखाली नखाएवढा कागद. कुठं सापडली, कधी, कोणी आणली. "हा कागद नसेल तर माशी म्हणजे कचरा," सर म्हणत. आन् एक कायदा होता. लेबल लागलं की मंग ते काढायचं नाही. चुकलं असलं तरी नाही. खरी गोष्ट दुसऱ्या कागदावर लिहायची आन् पहिल्याच्या खाली टोचायची. दुसऱ्यांच्या लेबलात चूक दिसली की सर महिनाभर त्या माणसाची खिल्ली उडवत.

कोळी आणायचं काम माहं. सर मले सिरपूरच्या पुढच्या जंगलात धाडत. मी आणलेल्या कोळ्याचं ठिकाण माह्या शब्दावर लिहीत. एकदा काकू म्हणाल्या, "त्याच्या एकट्याच्या भरवशावर लिहिता?" सर म्हणाले, "खोटं बोलायला डोकं लागतं. ह्याच्यात ते ठेवायला जागाच नाही." मी चहाचे कप उचलून राहिलो होतो. मले बरं वाटलं. चला, इमानदार तर म्हणाले!

आता माही इमानदारी ऐका. जंगलात मले भेव वाटते. अस्वलाचं सोडा, मी बकरीले बी रस्ता देतो. एका पावसाळ्यात मी जंगलाच्या नावानं निघालो आन् उरल्याले, कारखान्यांच्या वस्तीत, साळ्याकडे जाऊन बसलो. तो तिथं लोखंडाच्या कारखान्यात आहे. दोन दिवस मटण खाल्लं, झोपलो, आन् निघताना कारखान्याच्या भिंतीमागच्या झुडपातून चौदा कोळी डब्यांत भरले. सरनं विचारलं, "कुठले?" मी म्हणालो, "हव सर, जंगलातलेच. नाल्याजवळचे." नाला बी लावला वरून! सरनं लिहिलं.

त्या चौदांतल्या एकातून माशी निघाली, आन् ती कोणत्याच साहेबानं लिहिलेली नव्हती. नवी. सर रडले. मी पहिल्यांदाच पाहिलं. त्याईनं तिच्यावर मोठा लेख लिहिला, लांबलचक नाव दिलं. मले ते म्हणता येत नाही, मी तिले 'आपली माशी' म्हणतो. लेबलावर माहं बी नाव होतं, आणणारा म्हणून. मी गोल बाजारातून पेढे घेऊन मोहल्ल्यात वाटले.

मंग बाहेरगावचा एक मोठा विद्वान आपले पोट्टे घेऊन आला. त्या जंगलात त्याईनं तीन पावसाळे कोळी धुंडले. आपली माशी एक बी नाही. नाल्याजवळ तर बिचारे गुडघाभर चिखलात. माह्याच नाल्यात! शेवटी त्यानं छापलं की दाणींची लेबलं आपसात बदलली असावीत, दुसरी माशी सापडेपर्यंत ही जात मानू नये.

तोवर शुगरनं सरचे डोळे गेले होते. काकूंनी वाचून दाखवलं. मले वाटलं, आता त्या विद्वानाच्या सात पिढ्यांचा उद्धार होईन. नाही झाला. दुसऱ्या दिवशी गेलो, तर पेट्या खाली उतरवलेल्या. सर बोटांनी टाचण्या चाचपून राहिले होते. "माझ्या हातून एक लेबल बदललं, वसंता. मग बाकीच्यांची काय गॅरंटी? चाळीस वर्षं मी लोकांना हसलो. कबाडीवाल्याला बोलाव. सगळं जाऊ दे."

काकू दारात पदर तोंडाले लावून उभ्या. मी खाली गेलो, चप्पल घातली, कबाडीवाल्याच्या गल्लीपर्यंत पोचलो बी. मंग वापस आलो. हिंमत नव्हती. पण म्हणालो.

"सर, लेबल नाही बदललं. मीच उरल्याहून आणले होते."

सरनं हातातली टाचणी खाली ठेवली. मंग पहिला सवाल, "उरल्यात नेमकं कुठं? झुडूप कसलं होतं?" मारतीन असं वाटलं होतं, तर झुडूप विचारून राहिले. तिथल्या तिथं ऑटो करून गेलो. भिंतीमागं झुडूप नव्हतं. कारखान्याचा काळा मळ टाकून पूर्ण जागा भरून टाकली होती. सर खाली बसले, हातानं जमीन चाचपली. गरम होती. "काय आहे?"

"काळी गिट्टी, सर."

"गवत?"

"नाही, सर."

वापस येताना ऑटोत म्हणाले, "पाच वर्षं माझ्या घरात माझा चहा पिऊन गप बसलास. ती अळी तरी इतके दिवस थांबत नाही." मी हसलो. सवय. सर म्हणाले, "हस. तुझ्यात डोकं होतं, आणि मला दिसलं नाही. आंधळा मी तेव्हाच होतो."

पेट्या वाचल्या. मले सजा मिळाली. दुसरं लेबल मी माह्याच हातानं लिहायचं. काकूंनी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, आन् मी नखाएवढ्या कागदावर ते चित्रासारखं उतरवायचं. आठ दिवस रोज संध्याकाळी. एका कागदावर शाई सांडली, एकावर घाम पडला, एकावर मी स्वतः पडलो. सर खाटेवरून विचारत, "झालं का रे, कोळी?" शेवटी काकूंनी एक डोळ्याजवळ धरला. "वाचता येतंय. मेहनत केली तर."

"करू दे लोकांना मेहनत," सर म्हणाले. काकूंनी तो टोचला. मी म्हणालो, वरचं खोटं काढून टाकू का? सरनं आंधळे डोळे माह्याकडे वळवले. "काढायचं नसतं. तू मेल्यावरही ते तिथंच राहील. चल, निघ. आणि माझ्या मयतीला यायचं नाही. दिसत नसलं तरी तुझा वास ओळखीन."

महिन्याभरात गेले. मी नाही गेलो. तलावाच्या दुसऱ्या काठावर उभा राहिलो, तिथून तिरडी माशीएवढी दिसत होती.

पेट्या आता कॉलेजच्या म्युझियमात आहे. मागच्या महिन्यात पोट्टीले घेऊन गेलो. इथल्या पोरांसारखी ती बी हिंदीच बोलते. ती काचेवर वाकली. वरचं लेबल सरच्या मोत्यासारख्या अक्षरातलं, तिनं खडाखड वाचलं. "अरे पापा, आपका नाम! जंगल से आप लाए थे?" तिनं फोटो बी काढला. मंग मान वाकडी करून खालचं पाहिलं. "ये नीचे क्या है? किसी बच्चे ने लिखा है क्या? कुछ पढ़ा नहीं जा रहा."

मी चूप राहू शकत होतो. पाच वर्षांचा अनुभव होता.

पण मंग मीच बोट ठेवून तिले वाचून दाखवलं. "वरचं ठिकाण खोटं आहे. माशी उरल्याची. खोटं मी बोललो. वसंता." जिंदगीत तेवढंच मले वाचता येते.