माशा मारायचं शिक्षण

पोरगं पुण्यात माशांवर पीएचडी करतंय, असं वडलांनी ईट गावच्या बाजारात कौतुकानं सांगितलं आणि तिथंच घात झाला. मासे की माश्या, हे 'माशांवर' या शब्दातून कुणाला कळणार? गावानं सोयीचा अर्थ घेतला. माझं वय आणि वाढलेली दाढी बघता मीही तोच घेतला असता. तेव्हापासून पारावर टेकलं की कुणीतरी विचारतंच, काय, माशा मारणं संपलं न्हाय का अजून.

गेल्या दिवाळीत माझी फेलोशिप थांबली. प्रबंध अर्धाच होता. वडलांनी येरमाळ्याला हायवेवर खव्या-पेढ्याचं दुकान हेरून ठेवलं होतं आणि गल्ल्यावर मी बसायचं ठरत आलं होतं. शेती, जनावरं सगळं थोरला भाऊ बघतो. मलाही तोच बघतो. एकदा पेढे जोखायला बसलो की मासे कायमचे सुटणार होते.

म्हणून दुपारच्या चहाला मी वडलांना विषय समजावायला बसलो. माशांचा जीनोम इतका सोपा केला, की माझ्या गाईडनं ऐकलं असतं तर तिथंच हाकललं असतं. लई जुन्या काळी माशांच्या एका पूर्वजात अंग घडवायची सगळी माहिती दुप्पट झाली, एकेका जनुकाच्या दोन-दोन प्रती. एक प्रत ठरलेलं काम करत राहिली, दुसरी रिकामी. रिकाम्यातल्या बहुतेक बिघडून बाद झाल्या, थोड्यांना मात्र नवंच काम सापडलं. माशांच्या इतक्या तऱ्हा होण्यात त्याचाही हात असावा. हातवारे करताना अर्धा चहा सदऱ्यावर सांडला.

वडलांनी आधी भावाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"म्हंजे एक राबतो अन् दुसरा माशा मारतो."

झालं. एवढं शिकून मी स्वतःच्याच विरोधात साक्ष दिली होती.

भाऊ इतका वेळ उंबऱ्याशी विळ्याला धार लावत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "त्या दुसऱ्याला नवं काम सापडायला किती वेळ लागला?"

"लाखो वर्षं," मी म्हणालो. अशा वेळी तरी थोडं खोटं बोलावं, पण तेवढी अक्कल पीएचडीत शिकवत नाहीत.

भावानं अंगठ्यावर धार तपासली.

"तेवढं थांबायला न्हाय जमायचं. एक वर्ष थांबतो."

थोरल्याचा शब्द वडील मोडत नाहीत. दुकानाचा विषय तिथंच मिटला.

तेवढ्यात लाईट आली. भाऊ मोटार चालू करायला उठला, तसा मीही लाजेकाजेस्तव चपला शोधू लागलो.

"बस तू," तो म्हणाला. "माशा मार."

गावात हे मी लई ऐकलंय आणि दर वेळी चिडलोय. त्या दुपारी मात्र डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून तोंडासमोरून हात फिरवून मी नसलेली माशी हाकलली.