कोऱ्या चेहऱ्याच्या इरावतीबाई

चौबे कॉलोनीतल्या इरावतीबाईंनी तीस वर्षं एकच काम केलं. मुलं किती शिकली आणि त्यांना शिकवणाऱ्या योजना कितपत कामाच्या, हे मोजायचं. त्यांचा नियम कडक होता. मूल वाचत असताना परीक्षकानं चेहरा कोरा ठेवायचा, तोंडातून ब्र काढायचा नाही. नुसती मान हलली तरी गुणांवर परिणाम होतो, म्हणे! घरीही तीच तऱ्हा. नवरा नीलकंठराव रोज सकाळी पेपर वाचून दाखवत आणि बाई अशा ऐकत, जणू बिचारा चाचणीलाच बसलाय.

यंदा अभनपूरकडच्या सहा गावांतल्या वाचन योजनेचा निकाल त्यांच्या हातात होता. तिथली शिक्षिका वनमाला मुलांना वाचायला शिकवी आणि संध्याकाळी घरच्या म्हाताऱ्यांना गोष्ट वाचून दाखवायला लावी. पण मिनिटभराच्या चाचणीत मुलं साफ आपटली. बाईंनी अहवालात 'परिणाम नाही' लिहिलं, की योजना बंद.

सही करण्याआधी एक गाव स्वतः पाहायचं, ही बाईंची शिस्त. वनमाला रडकुंडीला आली होती. "मॅडम, पोट्टे वाचतात हो चांगले. तुमच्या लोकांपुढंच काहून अडतात, मले समजून नाही राहिलं."

फुलेश्वरी नावाची मुलगी ओसरीवर पुस्तक घेऊन बसली. बाईंनी स्टॉपवॉच दाबलं. पोरीनं एक वाक्य वाचलं आणि थांबून बाईंकडे पाहिलं. बाई ढिम्म. पुढचं वाक्य वाचलं, पुन्हा थांबली. तेवढ्यात तांदूळ पाखडत बसलेली तिची आजी सवयीनं म्हणाली, "हव." आणि पोरगी जी सुटली! दर वाक्याला आजीचा "हव", की लगेच पुढचं वाक्य. ऐकणाऱ्यानं हुंकार दिल्याशिवाय गोष्ट पुढे न्यायची नसते, एवढं ती घरी शिकली होती.

बाईंनी स्टॉपवॉच बंद केलं. दोनशे मुलं कोऱ्या चेहऱ्यांकडे बघत थांबून राहिली, आणि त्या थांबण्याचे गुण आपण कापले.

अहवालात त्यांनी लिहिलं, 'मुलं वाचतात. चाचणी चुकली, आणि ती मी आखली होती. पुन्हा घ्यावी.' योजनेला सहा महिने मिळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलकंठरावांनी पेपर उघडला. तेलीबांधा तलावाच्या बातमीचं पहिलं वाक्य संपलं.

"हव," बाई म्हणाल्या.

नीलकंठरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय झालं? बरं नाही वाटून राहिलं काय तुले?"

"वाचा तुम्ही. ऐकून राहिले मी."

त्यांनी ती बातमी पुन्हा पहिल्यापासून वाचली, या वेळी सावकाश.