डोमाचा गुडघा

माझ्या तोंडून तुम्ही पुष्कळ गोष्टी ऐकल्या असतील — वाघाच्या, सासऱ्याच्या, दंडारीतल्या फजितीच्या. ही त्यात नाही. ही मी बायकोलाही सांगितलेली नाही, आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही अशी तिची समजूत आहे. सांगायला बसलो की मी भलतीकडेच वळतो. आजही वळेन. धरून ठेवा मला.

तेव्हा मी पंचविशीत होतो. सावली गावाच्या अलीकडे, वैनगंगेकाठच्या एका धानाच्या गावात, थोरल्या बहिणीकडे राहायचो. तिला मी बाई म्हणायचो. भाऊजींची शेती आणि माझी दंडार. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईत दंडार — गाणं, सोंगं, नाच. आमच्या दंडारीचा म्होरक्या मी, आणि नाचणारा बाईचा तेरा वर्षांचा डोमा. त्याच्यासाठी मी एक जागा बसवली होती. उंच उडी घ्यायची आणि सोंगातल्या राजापुढं दोन्ही गुडघ्यांवर धपकन पडायचं. बसलेली माणसं उठून उभी राहायची. काय सुचलं होतं मला — अजूनही वाटतं. हीच तर माझी खोड.

पोळ्यानंतर तालमी लागल्या आणि डोमाचा उजवा गुडघा दुखू लागला. वाटीच्या खाली, नडगीवर, बोराएवढं टेंगूळ. उडी मारली की कळ, उकिडवं बसलं की कळ. भाऊजींना शेतातून सवड नव्हती, म्हणून गाडी जुंपून मीच त्याला सावलीच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर नागपूरकडचे, नाकात बोलणारे. त्यांनी अंगठ्यानं टेंगूळ दाबलं, डोमा कळवळला. मग त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. पोराची हाडं भराभर वाढताहेत, मांडीचा स्नायू तिथं हाडाला ओढतो, म्हणून दुखतं. उड्या मारणाऱ्या, वाढत्या पोरांना होतं. औषध नको. चार महिने उड्या बंद, गुडघे टेकणं बंद, गार पाण्याची पट्टी. आपोआप बरं होईल. आणि काही झालं तरी डागू नका.

चार महिने. मंडई महिन्यावर आली होती.

घरी आलो तर सगळे अंगणात. काय म्हणे डाक्तर? — आणि मी डॉक्टर झालो. नाकात बोललो. नसलेला चष्मा वर सरकवला. भाऊजींचाच गुडघा दाबून म्हणालो, "काऽही नाही. पोरगा आळशी आहे. नाचवा त्याला." बाई हसून हसून भिंतीला टेकली. डोमाही हसला — त्याला वाटलं असेल, गंमत झाली की मामा खरं सांगेल. इतकं चांगलं सोंग मला पुन्हा कधी साधलं नाही. खोटं बोललो असं वाटलंसुद्धा नाही. सोंगात खोटं कुठं असतं? सांगा ना, कुठं असतं?

तो नाचला. मंडईपर्यंत रोज त्या गुडघ्यांवर पडला. धान कापायची वेळ आली तेव्हा त्याला खाली बसता येईना.

मग बाईनं विचार केला, आणि तिचा विचार सरळ होता. डॉक्टरनं औषध दिलं नाही, म्हणजे हे दुखणं डॉक्टरच्या हातचं नाही. अशी दुखणी आमच्याकडे डागतात. शेजारच्या गावचा डागणारा म्हातारा सकाळीच आला. चुलीत विळा लाल झाला. पाय धरायला कुणीतरी बळकट हवं होतं. मी धरला.

डोमा रडला नाही. मायकडे बघून म्हणाला, "डागू नोका म्हणे डाक्तर. मामाले विचार."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. "काऊन रे, असा म्हणे का थो डाक्तर?"

आता इथं मला वाघाची गोष्ट सांगावीशी वाटते आहे. खरंच वाटते आहे.

मी म्हणालो, "भेऊन राह्यला तो, बाई. काईबी बोलून राह्यला."

"खोटा नोको बोलू बापा," बाई त्याला म्हणाली. माझ्या हातातला त्याचा पाय ढिला पडला. तो सुटायला धडपडत होता तोवर बरं होतं. मग विळा टेकला.

जखम चिघळली. पाणी लागलं, पू झाला, गुडघा आखडला तो पुन्हा पुरता वाकलाच नाही. धानाच्या रोवणीला डोमा कधी उतरू शकला नाही. तळ्याच्या पाळीवर पाय लांब करून जाळी विणतो, त्यावर पोट भरतो. बाई त्यानंतर नऊ वर्षं जगली. लेक विळ्याच्या भीतीनं खोटं बोलला, हे ती हसत लोकांना सांगायची — मी बाजूला बसलेला असताना. नऊ वर्षांत खरं सांगायला एक सकाळ मला मिळाली नसती?

गेल्या वर्षी डोमाची मुलगी गुडघा धरून बसली. शाळेत खो-खो खेळते. मी म्हणालो, मी नेतो तिला दवाखान्यात.

"नोको मामा," डोमा म्हणाला. "मीच जातो."

आखडलेला पाय ओढत तो तिला घेऊन एसटीत चढला. दुपार कलल्यावर परत आला आणि अंगणात उभा राहून डॉक्टर काय म्हणाले ते बायकोला, शेजाऱ्यांना सांगू लागला — सावकाश, एकेक शब्द, काही न गाळता. मी समोरच खाटेवर होतो. त्यानं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. आणि मी मान डोलावत होतो, हे सगळं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा.