अडत्याच्या मयतीचं वाक्य

अकोल्याच्या त्या संपादकाबद्दल मला आजही चार शब्द बरे बोलता येत नाहीत. त्याच्या साळ्याबद्दल तर बोलूच नये, नाव घेतलं की माझी दाढ ठणकते.

साठ साल उजाडायचं होतं. मी तेल्हाऱ्याला शाळामास्तर होतो. या संपादकाचं साप्ताहिक अकोल्याच्या कापूस बाजाराला लागून असलेल्या छापखान्यातून निघे. चारच पानं, आणि शाई अशी की वाचणाऱ्याच्या हातावरचा काळा रंग पुढचा अंक येईपर्यंत टिके. पण त्याचा दिवाळी अंक अकोला-अमरावतीत घरोघर जाई, आणि त्यात गोष्ट आली की माणूस लेखक झाला असं आमच्याकडे धरून चालत. मला लेखक व्हायचं होतं. गोष्टही तयार होती. मोर्शीकडचे दोन भाऊ बाप मेल्यावर संत्र्याची बाग वाटून घेतात, बांधावरचं एक झाड नेमकं वाटणीतून सुटतं, आणि त्याची संत्री ना हा तोडतो ना तो. सगळी खाली पडून सडतात. चांगली गोष्ट होती, छातीवर हात ठेवून सांगतो. घोडं अडलं होतं पहिल्या वाक्यापाशी.

त्याला कारण संपादकाची तऱ्हा. आमच्याकडे कोणी गोष्ट सांगायला बसला की ऐकणाऱ्यांतल्या एकानं मधून मधून ‘मंग?’ म्हणायचं असतं. ‘मंग’ आला नाही तर सांगणारा धोतर झटकून उठतो. या गृहस्थानं तोच कायदा छापखान्यात लावला. आलेल्या गोष्टीचं पहिलं वाक्य तो समोर बसलेल्यांना मोठ्यानं वाचून दाखवी. ‘मंग?’ आला तर गोष्ट छपाईला, नाही तर तिथल्या तिथे लेखकाच्या हातात परत. ऐकायला न्याय वाटतो. पण समोर बारमाही बसलेला माणूस एकच होता, तो म्हणजे त्याचा साळा, बायकोचा भाऊ. कापसाचा अडत्या. शरीर असं की तो बाकावरून उठला की बाक सुस्कारा टाके. शेतकऱ्याच्या गाडीतून चिमूटभर कापूस उपसायचा, दोन अंगठ्यांत धरून ताणायचा आणि भाव पाडायचा, हा त्याचा धंदा. भाव चढवताना त्याला कोणी पाहिलं नव्हतं. माझं वाक्यही तो तसंच ताणून बघे.

पहिल्यांदा गेलो ते भर उन्हाळ्यात. अकोल्याचं ऊन ते. मोटार स्टँडवरून छापखान्यात येईपर्यंत माझी सावली डांबराला चिकटून मागे राहिली, ती सोडवून आणायला मला परत जावं लागलं. एवढं सोसून नेलेलं वाक्य असं होतं: ‘सहस्ररश्मी भगवान भास्कर आपली आरक्त प्रभा दशदिशांस उधळीत अस्ताचलाकडे मार्गस्थ होत होता.’

अडत्यानं तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. “सूर्य बुडाला म्हना ना, मास्तर. थो तं रोजच बुडते. तेल्हाऱ्यात आत्ता बुडाले लागला काय?”

मग तळहातावर नसलेला कापूस दाखवत म्हणाला, “रुई कमी, सरकीच जास्त.”

दुसऱ्या खेपेला मी सरळ बंदूक नेली. पहिल्याच वाक्यात तीन गोळ्या झाडल्या. फटाके असतीन, म्हणाला, आणि जांभई दिली. त्यानंतर मी आखूडपणाचा डाव टाकला: ‘ती रडत होती.’ संपादकानं आवाजात शक्य तेवढं पाणी आणून वाचलं.

“रडू द्या,” अडत्या म्हणाला.

त्या पावसाळ्यात मी इतकी वाक्यं लिहिली की शाळेतली शाई संपून हेडमास्तरांना हजेरी पेन्सिलीनं मांडावी लागली. बायकोला मी झोपेतही पहिली वाक्यं ऐकवत असे म्हणे, आणि ती बिचारी झोपेतच नाही म्हणे. नवरात्र आलं. संपादकानं निरोप धाडला, आता ही शेवटची खेप, दिवाळी अंक छपाईला जाऊन राहिला. मी मोटारीत बसलो आणि अकोट मागे पडेपर्यंत त्या अडत्याला मनातल्या मनात इतके तळतळाट दिले की गाडीचं पाणी उकळलं. ड्रायव्हर पाणी भरायला उतरला, तेवढ्यात गुडघ्यावर कागद ठेवून मी सगळी पहिली वाक्यं खोडली आणि एक नवीन लिहिलं.

संपादकानं ते वाचायला घेतलं, अर्ध्यावर चाचरला, पण कायदा त्याचाच, वाचावंच लागलं. “त्या गावचा अडत्या मेला, तेव्हा मयतीत रडायला परगावाहून माणसं भाड्यानं आणावी लागली.”

आतलं छापायचं यंत्र थांबलं. अडत्याची सुपारी थांबली. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग वांग्यासारखा. मी दाराकडे पाहून ठेवलं, मध्ये बाक येत होता. तो माझ्याकडे असा बघत होता की आता माझ्याच मयतीचा भाव निघणार.

“मंग?” तो म्हणाला.

म्हणाला आणि लगेच तोंडावर हात दाबला. पण शब्द सुटला होता. मी पुढचं वाक्य वाचलं, त्याच्या पुढचं वाचलं, संत्री सडेपर्यंत वाचत गेलो. तो शेवटपर्यंत बसला, मग टोपी घालून निघून गेला.

दिवाळी अंक आला. माझी गोष्ट होती. सुरुवात अशी: ‘मागे राहिले दोन मुलगे आणि बांधावरचं एक संत्र्याचं झाड.’

पहिलं वाक्य गायब. ज्या वाक्यासाठी उन्हाळा-पावसाळा घातला, ते कापून ज्या वाक्याचा क्षणभरही विचार केला नव्हता ते डोक्यावर बसवलेलं. मी अकोला गाठलं आणि संपादकाला त्याच्याच छापखान्यात तासभर हाणलं, तोंडानं. तो शांतपणे मुद्रितं तपासत राहिला.

“गुरुजी, तुमी राहता तेल्हाऱ्यात. मले माह्या घरी राहा लागते. बायको म्हने, माह्या भावाले अंकात मारलं तं चुलीपाशी येऊ नका.”

याच्यापुढचं दुःख मोठं. लोकांनी ती सुरुवात डोक्यावर घेतली. अमरावतीच्या कॉलेजातले एक प्राध्यापक भेटेल त्याला सांगू लागले की, कोणाच्या मागे हे न सांगण्याचं असं धाडस वऱ्हाडात आजवर कोणी केलं नाही. आमच्या हेडमास्तरांनी मला सर्वांदेखत विचारलं की असं सुचतं कसं. मी हसलो. त्या दिवशी जेवलो नाही.

मग मी पेन घेऊन निघालो. जिथे जिथे तो अंक दिसेल तिथे गोष्टीच्या वर माझं कापलेलं वाक्य शाईनं लिहायचं, बस. तेल्हाऱ्याची वाचनखोली झाली, अकोटची झाली, अकोल्यात तर एका न्हाव्याच्या दुकानातल्या अंकावर अर्धी दाढी तशीच ठेवून लिहिलं. अमरावतीला एका वाचनालयात भरदुपारी टेबलाशी बसून ‘भाड्यानं’पर्यंत आलो होतो, इतक्यात ग्रंथपालानं मागून मनगट धरलं. वाळलेला, चष्म्यावरून बघणारा माणूस.

“काय करून राहिले?”

मी ताठ उभा राहिलो आणि सांगितलं की गोष्ट माझी आहे, लेखक मी आहे, आणि तिची खरी सुरुवात ही आहे.

त्यानं माझं वाक्य वाचलं. खालचं छापलेलं वाचलं. मग मला वरपासून खालपर्यंत वाचलं.

“ज्यानं हे खालचं लिवलं ना, त्याच्या हातून असं टुकार वाक्य लिवल्या जानार नाई. निंगा.”

मी निघालो नाही. तेव्हा त्यानं खणातून दाढीचं पातं काढलं, खुर्ची ओढली आणि माझ्यादेखत ते वाक्य अक्षर अक्षर खरवडून काढलं, इतक्या सफाईनं, की कागदाला एक भोक पडलं नाही.